विमान हवेत, झाडू दाराआड

मंडळी, इतक्या उशिरा लिहितोय म्हणून राग मानू नका. माझी मुलगी वैशाली टोरंटोला पोचून आठवडा उलटला आणि तुम्ही सगळे विचारत होता... पण मी एका बोटाने टाइप करतो, त्यात चार ओळी झाल्या की चुकून पुसल्या जातात.

तिला तिकडे नोकरी लागली. आधी नागपूर ते दिल्ली, मग दिल्लीहून थेट टोरंटो... साडेअकरा हजार किलोमीटर, चौदा-पंधरा तास सलग हवेत, तेही एकटीने. मी सातवी शिकलेला माणूस, माझा लांबचा प्रवास म्हणजे रात्रीच्या बसने पुणे.

तिला सोडायला कामठीचे नातेवाईक आले होते. ती गेल्यावर घरभर सांडलेला चिवडा, बिस्किटांचा चुरा, हाराच्या पाकळ्या... पण आमच्याकडे माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घरात झाडू मारत नाहीत. पुण्याला जाणारा सकाळी पोचतो. इथे दुसऱ्या दिवशीची दुपार झाली तरी केर तसाच!

मी बायकोला चिडवलं, "काहून वं, एवढ्या उंचावरून विमानाले तुझा झाडू दिसते का?"

"तुम्हाले काय समजते!" ती फणकारली. पण थोड्या वेळाने भिशीच्या बायका येणार होत्या. शेवटी माझ्या टोमण्यांना कंटाळून ती आमच्या सुनेला म्हणाली, "घे वं रश्मी, मार झाडू."

मी मोबाइलवर विमान पाहत होतो. रश्मीनेच लावून दिलं होतं... नकाशावर इवलंसं पिवळं विमान सरकत राहतं. चहाचा घोट घेतला, परत पाहतो तर विमानच नाही! नुसता निळा समुद्र.

आणि रश्मीने झाडू उचललेला. मी गुडघेदुखी विसरून ताडकन उठलो. "थांब, थांब! झाडूले हात नको लावू!" म्हणत तो हिसकावला आणि दाराआड ठेवला.

बायको कमरेवर हात ठेवून उभी. "काहून जी? आता दिसून राहिला का विमानाले झाडू?"

"बाबा, समुद्रावर सिग्नल मिळत नाही कधी कधी," रश्मीने समजावलं. पटलं... पण झाडू काही दिला नाही.

भिशीच्या बायका आल्या. पायाखाली चिवडा कुरकुरत होता, तरी कोणी नाक मुरडलं नाही. एकीने फक्त विचारलं, "पोरगी पोचली का जी?" मी नकारार्थी मान हलवली. "मग राहू द्या भिशीची चिठ्ठी. आधी तिले उतरू द्या," असं म्हणून सगळ्या माझ्या मोबाइलभोवती बसल्या.

आणि फोन वाजला... "बाबा, उतरले!"

मी फोन सगळ्यांच्या मधोमध धरला. बायकाच एकदम बोलू लागल्या, थंडी आहे का, खाल्लं का, सामान मिळालं का... बायको हसत हसत डोळे पुसत होती.

मग अख्खं घर मी झाडलं. बायका पाय वर घेऊन बसल्या आणि "तो कोपरा राहिला जी!" म्हणून मला दाखवत होत्या. माझी भीती त्यांनी आपली मानली, हे उपकार मी विसरणार नाही.

वैशाली, हे वाचत असशील तर... दोन दिवस झाले, तुझा फोन नाही. कामात असशील, समजतं. पण नुसतं 'बरी आहे' एवढं तरी आजच लिही वं.