जाताना ‘येतो’

ऑपरेशनसाठी निघालेला माझा भाऊ दारात चपला घालत “येतो” म्हणाला, तशी त्याच्या लेकीने विचारलं, “बाबा, जाताना ‘येतो’ का म्हणायचं? परत येशील हे माहीत नसेल, तर ते खोटंच ना?”

“गप गं! निघताना असं अभद्र बोलू नये!” आमची आई कडाडली. मीही तिला डोळ्यांनीच दटावलं. या धाकानेच आपण मुलांचे किती प्रश्न घशात अडवतो!

भाऊ मात्र, जिथे बसू नये म्हणतात त्या उंबऱ्यावरच बसला. “तुला काय वाटतं?”

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

“माहीत असतं तर म्हणायलाच नको होतं,” पोरगी म्हणाली. “माहीत नसतं, म्हणूनच म्हणतात.”

भाऊ उठला, आणि मघापेक्षा सावकाश म्हणाला, “येतो.”