नव्या गाडीचं पहिलं तेल, मुक्काम चिंचणी

नाशिकहून निघालो तेव्हा गाडी नवी होती आणि मी जुना. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला आयुष्यातली पहिली गाडी मिळाली की त्याचं काय होतं, हे माझ्या बायकोला, सुलभाला विचारा. ती सांगेल की हे गृहस्थ सकाळी उठून आधी गाडीला नमस्कार करतात, मग देवाला. अतिशयोक्ती आहे. दोघांना एकदमच करतो. गाडी अंगणातच असते.

गाडी छोटी, पांढरी आणि नव्या तऱ्हेची. तिच्याबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं की हजार किलोमीटर झाले की इंजिनाचं पहिलं तेल काढून नवीन घालावं. हजार भरणार होते ते नेमके चिंचणीच्या वाटेवर, म्हणजे माझ्या सासुरवाडीला जाताना. तेव्हा तेल कुठे बदलायचं हा प्रश्न आमच्याआधीच गाडीत बसला होता.

त्याला उत्तरं दोन होती. माझा मेव्हणा मोहन तारापूरच्या वसाहतीत राहतो, तिथल्या अणुवीज केंद्रात इंजिनिअर आहे. त्याने फोनवर बजावलं होतं, "भाऊजी, परत नाशिकला जाऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्येच बदला. थोडे किलोमीटर जास्त झाले तर काही होत नाही." आणि माझे सासरे, अण्णा, ज्यांनी उभा जन्म मासळीचा ट्रक चालवला, त्यांचा निरोप एका ओळीचा होता: "तेल आमी काढू."

जव्हारच्या बाजूने उतरलो. डिसेंबरचं ऊन इतकं सौम्य होतं की डोंगर झोपेत कूस बदलत असल्यासारखे दिसत. भात कापून झालेलं, खाचरांत जागोजागी उडव्या (पेंढ्याच्या गंज्या). डोंगरातली काही कुटुंबं डोक्यावर भांडीकुंडी घेऊन कामासाठी खाली निघालेली. मी गाडी हळू चालवत होतो. नव्या इंजिनाला हळूच चालवतात, असं मी सुलभाला सांगितलं. घाटाची भीती वाटते, असं तिने मला सांगितलं.

मनोर सोडून पालघरकडे वळलं की वाघोबाची खिंड लागते. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथे वाघोबाला हात जोडतो. तिथेच माझ्या डोळ्यांदेखत काट्याखालचे आकडे सरकले आणि हजार झाले. मी गाडी थांबवून खाली उतरलो. झाडाखाली एक म्हातारा लाकडाची मोळी टेकवून बसला होता.

"बंद पडली काय?"

"नाही हो, हजार झाले!"

"काय हजार?"

"किलोमीटर. आता तेल बदलायचं."

त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढी चकचकीत तर हाय. तिला काय झालंय?"

"काहीच नाही."

"मंग राहू द्या ना तिला सुखाने," असं म्हणून त्याने बिडी पेटवली. तिसरं उत्तर मिळालं. मी वाघोबाला हात जोडले आणि कुठलंही उत्तर न निवडता पुढे निघालो.

पालघरला पेट्रोलपंपावर इंजिनाच्या तेलाचा डबा मात्र घेतला. सुलभा म्हणाली, "म्हणजे ठरलं?" मी म्हटलं, "छे, नुसता जवळ असावा." ती खिडकीबाहेर बघत हसली. बोईसरमध्ये कारखान्यांना जेवणाची सुट्टी झाली होती. सायकलींच्या लोंढ्यातून आमची गाडी तरंगत गेली, कुणीतरी बोनेटवर थाप मारून "क्या बात है, सेठ!" म्हणालं आणि मी सेठसारखी मान हलवली. मग हवेतला औषधी वास सरला, खारा वारा आला, चिकूच्या वाड्या लागल्या. चिंचणी आली.

अण्णा अंगणात तयारच होते. होड्या ओढताना खाली घालतात त्या जाड फळ्या त्यांनी दगडांवर बसवून ठेवल्या होत्या. गाडी त्यावर चढवली की खाली माणूस सरपटू शकेल. शेजारी हत्यारांची पेटी, तेल लावून पुसलेली.

मोहनही आला होता, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, स्कूटरवरून. ताटात चिंबोऱ्यांचा (खेकड्यांचा) रस्सा आणि तांदळाची भाकरी होती, पण जेवणात कुणाचं लक्ष नव्हतं. गेल्या पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या होडीचं इंजिन खोलताना अण्णांच्या हातातून पाना निसटला होता आणि अंगठ्याला टाके पडले होते. अण्णांचा हात थरथरतो. त्यांना ते मान्य नाही.

"बाबा, तुमच्या बोटांना काही झालं तर?" मोहन म्हणाला.

"बोटं माझी हायत."

"आणि गाडी भाऊजींची आहे."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी चिंबोरीचा नांगा तोंडात धरून होतो. अण्णांच्या डोळ्यांत काय होतं ते सांगत नाही. एवढंच म्हणतो की त्यापुढे कंपनीचं वर्कशॉप टिकलं नसतं. "अण्णाच काढतील," मी म्हटलं.

मोहनने हात धुतले. "ठीक आहे. पण बाबा, आज काही चुकलं तर पेटीची किल्ली माझ्याकडे. कायमची. कबूल?"

"कबूल," अण्णा म्हणाले आणि भाकरीचा शेवटचा तुकडा त्यांनी अगदी सावकाश खाल्ला.

मोहन कामावर गेला. अण्णा गोणपाटावर आडवे होऊन गाडीखाली शिरले. बाहेर फक्त त्यांचे पाय राहिले. शेजारच्या भानुमतीबाई बोंबील वाळत घालायचं सोडून कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. "जावई वरती नि सासरा खाली! काय जमाना आला बाय!"

"ते शिकलेले हायत," खालून अण्णांचा आवाज आला. "त्यांना वरतीच उभं ठेवायचं असतं."

पाना लागला, बूच फिरलं आणि खाली ठेवलेल्या घमेल्यात धार पडू लागली. काय धार होती! मधासारखी, सोनेरी, उन्हात चमकणारी. वास मात्र उग्र, लसणासारखा. पाठीमागे बोंबलांच्या मांडवांतून वारा शिट्टी घालत होता, खाडीच्या पलीकडे केंद्राच्या इमारती धुक्यात विरघळल्यासारख्या उभ्या होत्या आणि अण्णांच्या पायाची बोटं ताल धरून हलत होती. अशी दुपार आयुष्यात फार वेळा लाभत नाही.

"काय स्वच्छ तेल हाय जावईबापू! काढवत नाय."

धार थांबली. बूच लागलं. नवीन तेल ओतण्याआधी इंजिनातली तेल मोजायची पट्टी पुसावी म्हणून मी ती ओढली. ती कोरडी यायला हवी होती. ती वरच्या खुणेपर्यंत तेलाने माखलेली आली. पुन्हा पुसून घातली, पुन्हा काढली. पुन्हा तेच.

इंजिनात तेल जिथल्या तिथे होतं. मग घमेल्यात काय होतं?

समजायला मला क्षणभर लागला. अण्णांच्या ट्रकमध्ये इंजिन पुढे आणि गिअरची पेटी त्याच्या मागे. या नव्या तऱ्हेच्या गाडीत दोघं शेजारी-शेजारी, बाकावर बसल्यासारखी. अण्णांनी शेजाऱ्याचं बूच काढलं होतं. गिअरचं तेल गेलं होतं, आणि ते नसताना गाडी हलवली असती तर गिअर खडी भरडल्यासारखे भरडले गेले असते. कुंपणाशी भानुमतीबाई, ओट्यावर सुलभा, आणि मोहन पाचनंतर येणार.

वाचकहो, नाशिकच्या हौशी रंगभूमीवर मी दोन राजे आणि एक विदूषक केला आहे. पण त्या दुपारइतका आवाज माझा कधी लागला नव्हता.

"वा, अण्णा! गिअरचं तेल तर झालं! आता इंजिनाचं काढा!"

पायाची बोटं थांबली.

"हां," शेवटी आवाज आला, अगदी बारीक. "आता इंजिनाचं."

दुसरं बूच निघालं. तपकिरी धार पडली. पालघरचा डबा इंजिनात गेला. आणि मी सुलभाला "बोईसरला जाऊन येतो, विड्याची पानं संपलीत," असं सांगून बस पकडली. गाडीचा मालक गाडी असताना बसने पान आणायला निघाला, हे ऐकून तिने भुवई उचलली. पंचवीस वर्षांच्या संसारात मला ही एक भुवई कळते.

बोईसरच्या दुकानदाराने गिअर ऑईलचा डबा पुढे ठेवला. "कितना निकला था?"

"जितना था उतना."

तो हसला. मी हसलो. वळलो तर कामावरून सुटलेला मोहन स्कूटर थांबवून उभा.

"भाऊजी? गिअर ऑईल?"

"नाशिकला घाट फार ना. आमच्याकडे हजाराला दोन्ही बदलतात. रिवाजच आहे."

मोहनने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बसा मागे," एवढंच म्हणाला. वाटेत मी नाशिकच्या रिवाजांवर बोलत राहिलो. थांबायची भीती वाटत होती.

अंगणात अण्णा पेटीवर बसले होते. मोहन काही विचारायच्या आत ते उठले.

"मी चुकलो. इंजिनाचं समजून गिअरचं काढलं. जावईबापूंनी झाकलं. नाटक चांगलं करतात, पण मला दुसऱ्याच्या नाटकात काम नाय करायचं." आणि त्यांनी किल्ली पुढे धरली.

मोहनने किल्ली घेतली. खिशात टाकली. अण्णांचा चेहरा खाडीला ओहोटी लागावी तसा उतरला. मोहन गोणपाटावर आडवा झाला आणि गाडीखालून म्हणाला, "नळी लावलीय. बाबा, वरून तुम्ही ओता. हळू. भाऊजींना दिलं तर नाकातोंडात ओततील माझ्या."

अण्णांनी दोन्ही हातांनी डबा धरला. एक थेंब सांडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मोहन रात्री तिथेच राहिला होता आणि आमच्या आधी कामावर गेला होता. किल्लीचं कुणी बोललं नाही. अण्णांनी डिकीत चिकूंची पाटी ठेवली आणि गाडीकडे पाहत म्हणाले, "नवीन तऱ्हा हाय तिची." खिंडीत गिअर लोण्यासारखे पडत होते, पण माझं मन पेटीशीच अडकलं होतं.

आठवड्याने नाशिकला गाडी धुवायला उंच चौथऱ्यावर चढवली तेव्हा मी सहज खाली वाकलो. इंजिनाच्या बुचाशेजारी निळ्या ऑईलपेंटचा एक ठिपका होता, होड्यांना लावतात त्या रंगाचा. त्याच्याशी एक बाण. ठिपका बंद्या रुपयासारखा गोल, बाण पट्टीने आखल्यासारखा सरळ. अण्णांच्या हाताला अशी रेघ आता जमत नाही.

पहाटे कामाचा शर्ट घालून त्या गोणपाटावर पुन्हा आडवा झालेला मोहन मला दिसला. पेटी कायमची बंद करणारा माणूस पुढच्या वेळेसाठी खूण करून ठेवत नाही.

पुस्तक म्हणतं, पुढचं तेल पाच हजाराला. हल्ली मी ऑफिसला लांबच्या रस्त्याने जातो.