यशवंतपूरची शांत खोली

"खोली आधी कानांनी बघायची असते, पलंग, चादरी नंतर," असं बिंदुमाधव हल्याळकर एकदा म्हणाले होते.

आमचं मंडळ लघुलहरींवरची दूरदूरची रेडिओ केंद्रं ऐकणाऱ्यांचं. एखादं अंधुक स्टेशन पकडायचं, वेळ आणि शब्द टिपून त्या स्टेशनला पत्र टाकायचं, आणि कैक महिन्यांनी पोचपावतीचं कार्ड आलं की ते दाखवत हिंडायचं. बिंदुअण्णा या मंडळाचे कान. मूळचे हल्याळचे; बेंगळुरूत टेलिफोनच्या कारखान्यात तीस वर्षं रिसीव्हर तपासले. अण्णांनी ऐकलं म्हणजे ते होतं. दुसरा साक्षीदार कुणी मागत नसे.

मंडळाचं अखिल भारतीय संमेलन आपल्या बेंगळुरूत व्हावं, एवढी एकच त्यांची इच्छा. एक्याण्णव साली ते हातातोंडाशी आलं होतं. पण संमेलनात रात्री खोल्याखोल्यांतून रेडिओ ऐकायचा असतो, खोली शांतच लागते; मल्लेश्वरममध्ये पाहिलेली तिन्ही हॉटेलं अण्णांनी नाकारली. एकात ट्यूबलाइटचा चोक गुणगुणत होता, दुसऱ्यात लिफ्टची मोटर. तिसऱ्यात काय होतं ते आम्हाला शेवटपर्यंत ऐकू आलं नाही. संमेलन हैदराबादला गेलं. शहाण्णवमध्ये पुन्हा पाळी आली. शनिवारी दुपारी एकच्या आत हॉटेलचं नाव फोनवर कळवायचं, नाहीतर तेही हैदराबादकडं. निवृत्त माणसाला तिसरी पाळी मिळत नाही, हे अण्णाच म्हणत.

या वेळी त्यांनी गुरुवारी एकट्यानं जाऊन पहिलंच हॉटेल पसंत केलं. वहीत लिहिलं: यशवंतपूर, खोली ३०४. शांत. पूर्ण शांत.

नियम असा की तिघांनी खोलीत बसून ऐकायचं आणि वहीत सह्या करायच्या. म्हणून शनिवारी सकाळी मी आणि सुखदा त्यांच्या बनशंकरीच्या घरी गेलो. सुखदा पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेली, मंडळात सर्वांत नवी. दारात अण्णांच्या पत्नी, प्रेमाक्का, म्हणाल्या, "न्या यांना. ह्यांना लंडन ऐकू येतं, जपान ऐकू येतं. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की मात्र तिकडचं हवामान खराब!"

आम्ही हसलो. अण्णाही हसले, पण आमच्या तोंडांकडं बघून, जरा उशिरा.

हॉटेल रेल्वे यार्डाला लागून होतं. खाली कांद्याच्या लॉऱ्यांची रांग. व्यवस्थापक शिवकुमार किल्ली घेऊन जिना चढताना म्हणाला, "सार, दुसऱ्या बाजूची देऊ का? इथं स्वल्प आवाज आहे." अण्णा पुढं निघून गेले होते.

खोलीत पाऊल टाकलं आणि शंटिंगचे डबे एकमेकांवर आदळले. टेबलावरचा पेला थरथरला. भिंतीपलीकडं पाण्याचा पंप चालू होता. अण्णांनी खिडकी लावली, पलंगावर बसले आणि बरोबर आणलेल्या रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी आणला. ही त्यांची परीक्षा. खोली चांगली असेल तर त्या जागी नुसता श्वासासारखा आवाज येतो. इथं पंपाचा कडकडाट फुटला. अण्णांनी आवाज आणखी वाढवला, शेवटच्या टोकापर्यंत, आणि डोळे मिटले.

"बघा," ते म्हणाले. "काही नाही. इतकं काहीच नसणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही."

सुखदानं माझ्याकडं पाहिलं. "अण्णा, शुअर ना तुम्ही?"

"थांबा. आली."

"कोण?"

अण्णा त्यांच्याच ओघात होते. "वर्षभर हिच्या मागावर आहे. बाई आहे. नुसते आकडे वाचते. बोलणं आमच्या हल्याळकडचं, प्रत्येक आकड्यानंतर 'सरी' म्हणते, आपल्या 'बरं'सारखं. घरी तुटक येते. इथं सलग आहे."

आम्हाला त्या कडकडाटात एकमेकांचं बोलणंही धड कळेना. सुखदानं एक कान हातानं झाकला आणि दुसऱ्या हातानं हळूच रेडिओ बंद केला. तबकडीमागचा दिवा विझला.

अण्णांचा चेहरा उजळला.

"आता बघा! सगळी खरखर गेली. किती जवळ आली! एकाहत्तर, सरी. एकोणीस, सरी. चार..."

क्षणभर मीही कान दिला.

"काटा जरासा डावीकडं घेतो," म्हणत अण्णांनी डोळे उघडले, हात पुढं केला, आणि तो हात तिथंच थांबला. त्यांनी विझलेल्या दिव्याकडं पाहिलं. बटण फिरवलं, दिवा लागला. परत फिरवलं, विझला. ओठ मात्र आकडे मोजल्यासारखे हलतच होते.

"अण्णा, सॉरी, मीच बंद केला," सुखदा घाईघाईनं म्हणाली. "तुम्हाला आवडली ना खोली? मी सही करते. खरंच करते."

अण्णा तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मग उठून खिडकीशी गेले. पलीकडून मालगाडी जात होती, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून. त्यांनी तळवा काचेवर ठेवला. शेवटचा डबा जाईपर्यंत तो तसाच ठेवला. काचेची थरथर त्यांच्या मनगटापर्यंत दिसत होती.

दारातून शिवकुमारनं विचारलं, "फिक्स का सार? फोन खाली आहे."

अण्णांनी खिशातलं पेन काढलं, वहीतली गुरुवारची 'पूर्ण शांत' ही ओळ खोडली, वही मिटून सुखदाच्या हातात दिली आणि खोलीबाहेर पडले.