दहापर्यंत मोजून गप्प बसले तेव्हा

माझ्या जिभेला हाड नाही, यावर आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे. ताक प्या, उन्हात जाऊ नका, टीव्ही इतक्या जवळून पाहू नका, असं माझं दिवसभर चालू असतं. म्हणून गेल्या उन्हाळ्यात मोबाइलवर एका शांत आवाजाच्या बाईने सांगितलं, की सल्ला द्यावासा वाटला तर आधी दहापर्यंत मोजा, तेव्हा ते मला मनापासून पटलं. पन्नाशीत का होईना, सुधारायचं ठरवलं. पहिले चार दिवस छान गेले. तब्येत बरी आहे ना, असं नवऱ्याने विचारलंसुद्धा.

पाचव्या दिवशी, ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सकाळी अकरा वाजता माझे वडील चपला घालून दारात उभे राहिले. वय अठ्ठ्याहत्तर, रोजची बीपीची गोळी. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात.

"सदरच्या बाजारले जाऊन येतो," ते म्हणाले. "चष्म्याची काडी ढिली झाली."

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. सगळं माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं, पण मी मोजायला लागले. त्यांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. दहा झाले.

"हो, या जाऊन," मी म्हणाले, आणि स्वतःवर इतकी खूश झाले की आत जाऊन चहा टाकला.

एक वाजला तरी ते आले नाहीत. फोन लावला, तर तो त्यांच्याच उशीखाली वाजला. उन्हात पडलेल्या माणसाला लोक प्यायलेला समजून वळसा घालून जातात, हे मला माहीत होतं. एकदा मीही तसाच वळसा घातला होता.

दुपट्टा तोंडाला बांधून गाडी काढली. बंद दुकानांची एकेक पायरी पाहत गेले. चष्म्याचा दुकानदार म्हणाला, "आजोबा केव्हाचेच गेले. दोन मिनिटांचं काम होतं." पुढच्या सिग्नलजवळ चार माणसं वाकून खाली काहीतरी पाहत होती. गाडी तशीच सोडून मी धावले. उसाच्या रसाचं मशीन बिघडलं होतं.

वडील सापडले ते पुढच्या बसथांब्याजवळच्या पाणपोईवर, माठांच्या सावलीत बसलेले. चेहरा लालबुंद, शर्ट कोरडा. हात धरला तर चटका बसला. मी पेलाभर पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं.

"घरी का नाही आलात?" मी विचारलं.

"चक्कर आल्यावानी झालं. म्हनलं, बसावं." मग म्हणाले, "मले कुठं जायचं होतं वं? तू थांबा म्हनशील म्हनून बोललो. तू तर हो म्हनली. मंग मागं कसं फिरू?"

आमच्याकडे 'निघतो' म्हणणारा कधीच निघालेला नसतो. पाहुणा तीनदा उठतो, तीनदा आपण त्याला हात धरून बसवतो. हे सगळं मी जन्मापासून केलं आहे, आणि नेमकं वडिलांच्या वेळी आकडे मोजत उभी राहिले.

"चार दिवसांपासून तू काही बोलूनच नाही राहिली," ते खाली पाहत म्हणाले. "म्हनलं, झालो आता आपण जड."

उन्हापेक्षा मला या वाक्याचीच जास्त भीती वाटली. चार दिवस हा माणूस आमच्या घरात असं मनात धरून जेवत होता.

ते भिंतीला धरून उठायला लागले. "तू हो पुढे. मी येतो ऑटोनं."

"खाली बसा!" मी इतक्या जोरात ओरडले की पाणपोईवरची बाई दचकली. "अजिबात उठायचं नाही. टोपी काढा. बटणं उघडा. इथून आपण सरळ डॉक्टरकडे जातोय, आणि यापुढे मला न विचारता उंबरठा ओलांडलात तर बघा!"

"बरं," म्हणत ते निमूट बटणं उघडायला लागले. मी घाईघाईने आणखी एक पेला त्यांच्या डोक्यावर ओतला. त्यांचा जीव मात्र भांड्यात पडला होता.