सिमेंटच्या बाईला रंग

आमच्या कार्यालयाच्या आवारात, झेंड्याच्या ओट्याशेजारी, सिमेंटची एक बाई बसलेली आहे. माझ्या नवऱ्यानं केलेली. हे शाळेत चित्रकलेचे मास्तर, मी या कार्यालयात कारकून. साहेब एकदा गमतीत म्हणाले, "बाई, मास्तरांकडून आवारात काहीतरी शोभेचं करून घ्या की." यांनी उन्हाळ्याची अख्खी सुट्टी त्यात घातली. गजाचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंट. कापूस वेचून दमलेली, भरली ओटी मांडीवर घेऊन बसलेली बाई. आणि तिला तोंडच नाही! नाक-डोळे हवेत तिथं नुसता उतार.

लोकांनी लय चिडवलं. "मास्तर, सिमेंट संपलं का?" मीही घरी भांडले. "अहो, चार लोकांत माझी शोभा होतीय. निदान नाक तरी काढा!" हे हसायचे. म्हणायचे, "तोंड काढलं की ती कुणा एकीची होईल. तुला तुझी आई दिसू दे, दुसरीला तिची." थापी त्यांनी हातात धरलीच नाही, सगळं बोटांनी थापलं. त्यामुळं ओटीवर, पाठीवर त्यांच्या बोटांचे ठसे तसेच वाळले होते. पाठीवर उजवीकडं तर अख्खा पंजा.

हे गेले त्याला तीन वर्षं झाली. घरात त्यांचे शर्ट आहेत, चष्मा आहे, फोटो तर ढीगभर. पण हात? हात फक्त तिथं. रोज सकाळी कार्यालय उघडायच्या आधी मी जायचे आणि त्या पंज्यावर माझा हात ठेवायचे. त्यांच्या बोटांच्या खळग्यांत माझी बोटं आरामात मावायची. वेडी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, माझा दिवस त्यावर निघायचा.

आमच्याकडं मोठे साहेब येणार म्हटलं की आवाराला रंग लागतो. भिंती, ओटा, टाकी. झाडांच्या खोडांनाही गेरू-चुना. रंगकामाचं पत्र मीच काढते, जुन्या फायलीतलं समोर ठेवून. हे गेल्यापासून मी शेवटी एक ओळ वाढवायचे: सिमेंटचे शिल्प वगळून. यंदा वालूरला भाचीचं लग्न, इकडं साहेबांचा दौरा, नुसती धावपळ. हाताला लागली ती फाईल उघडली. ती निघाली बाई बसायच्या आधीच्या सालातली. उतरवलं तसंच: आवारातील सर्व बांधकाम घासून, लांबी भरून ऑइलपेंट देणे. साहेबांची सही घेतली आणि एसटीत बसले. अक्षर माझंच. कुणाच्या नावानं बोटं मोडू?

चौथ्या दिवशी परत आले. फाटकातूनच दिसलं. गुलाबी अंग, हिरवं लुगडं. खळगे सगळे लांबीनं, म्हणजे त्या पुट्टीनं, बुजवून वर रंग चढवलेला. आणि तोंड! टपोरे डोळे, चाफेकळी नाक, लाल ओठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

रंगारी, पन्नाशीचा माणूस, माझी वाटच बघत होता. डोक्याचा रुमाल सोडून त्यानं हातात घेतला. "बाई, मास्तरांनी माझ्या पोरीला चित्रं काढाया शिकवली. त्यांचं काम अर्धं राहिलं होतं, लय दिवस मनात सलायलं होतं. तोंड मी माझ्या मनानं काढलं, त्याची मजुरी लावली न्हाई." मग हळूच म्हणाला, "मोकळं कपाळ बरं दिसंना, म्हणून कुंकू..." माझ्या कपाळाकडं नजर गेली, तशी त्यानं जीभ चावली.

शिव्या ओठांवर आल्या होत्या. माझ्या तोंडाला अख्खा तालुका भितो. पण त्याचे डोळे भरले होते हो. मी मागं गेले, पाठीवर हात फिरवला. पंजा कुठं होता तेही सापडेना.

"दादा, ही लांबी खरवडून निघंल का हो?"

त्याला वाटलं, मला कामाची काळजी. "बिनघोर राहा बाई. आधी मशीननं घासून सगळं सपाट केलंय, मग भरलंय. मास्तरांचं काम हाय, कच्चं कसं करीन?"

म्हणजे खाली काही उरलंच नव्हतं. ओट्यावर बसून मी ढसाढसा रडले. त्याला वाटलं, मास्तरांची आठवण आली. रुमालानं डोळे पुसत तोही शेजारी बसला.