आफ्रिकेच्या बाजूचे मेश्रामभाऊ

सकाळी तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा वच्छलावहिनींचा फोन आला. त्यांचं घर आमच्या घराच्या पाठीला पाठ लावून. हाक मारली तरी ऐकू येते. मग फोन कशाला? फोन घेतला तर त्या रडत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "बाई, हे उठून नाई राहिले." मी तशीच अनवाणी धावले. मेश्रामभाऊ कुशीवर निजले होते, एक हात उशीखाली. डॉक्टर आले, झोपेतच गेले म्हणाले... आदल्या संध्याकाळी हाच माणूस माझ्या ओट्यावर बसून, दक्षिण आफ्रिका न्यूझीलंडला यंदा कशी लोळवणार हे मला हातवारे करून सांगत होता. वहिनींनी जेवायला हाक मारली म्हणून उठले. "बाकीचं उद्या," म्हणाले. ते बाकीचं काय होतं, याचा विचार मी अजून करते.

तुमसरमध्ये रग्बीवर भांडणारी दोन म्हातारी माणसं होती, हे सांगितलं तर आजही कुणाचा विश्वास बसत नाही. इथे क्रिकेट चालतं, कबड्डी चालते. रग्बी म्हणजे लांबट चेंडू काखेत मारून पळणं आणि पळणाऱ्याला धरून पाडणं, एवढंही फार थोड्यांना ठाऊक. भाऊंनाही आधी ठाऊक नव्हतं. ते मूळचे नाकाडोंगरीचे, वडील मॅंगनीजच्या खाणीत कामाला. भाऊ सैन्यात भरती झाले आणि पलटणीतल्या एका साहेबांनी खांदे बघून त्यांना मैदानावर उभं केलं. "मले वाटलं फुटबॉल हाये," ते सांगत. "बॉल पाहिला तं चेपलेला! मी म्हटलं, साब, इसमें हवा ठीक से नहीं भरी." पुढे कितीतरी वर्षं ते स्क्रमच्या पहिल्या रांगेत खेळले. स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ गडी डोकी खाली घालून एकमेकांना भिडतात आणि रेटतात, ते. त्या रेटारेटीत त्यांचा डावा कान चुरगळून कायमचा गोळा झाला होता. सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तुमसरला घर बांधलं, एका राइस मिलवर सुरक्षेचं काम बघू लागले. गल्लीत सगळे त्यांना फौजी म्हणत. त्यांना कान कशानं गेला विचारलं, की ते नुसतं "खेळात" म्हणत आणि विचारणारा कुस्ती समजून निघून जाई.

आणि मी... मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. न्यूझीलंड म्हणजे मेंढ्या, लोकर आणि दूध, यापलीकडे मला त्या देशाशी देणंघेणं नव्हतं. माझा निखिल तिकडे नोकरीला गेला, तिथेच त्यानं लग्न केलं. आमचे हे वारले त्यानंतर त्यानं मला सहा महिने नेऊन ठेवलं. घरात दिवसभर मी एकटी. दर शनिवारी नात मैदानावर जायची, तिच्याबरोबर जाऊन बसायचे. सहा-सात वर्षांच्या पोरी चिखलात लोळत चेंडूसाठी भांडायच्या. पहिल्यांदा मी डोळे मिटून घेतले. महिनाभरानं उभी राहून ओरडत होते. परत येताना नातीनं न्यूझीलंडच्या संघाची काळी टोपी माझ्या डोक्यावर घातली. तीच घालून मी इथल्या बाजारात वांगी घेत होते, तेव्हा मागून आवाज आला, "बाई, हे टोपी तुमाले कोनं देल्ली?" भाऊंची-माझी तोवर नमस्कारापुरती ओळख. मी म्हटलं, नातीनं दिली, रग्बीची आहे. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "रग्बी म्हणाल्या तुमी?" मग जरा थांबून, अगदी गंभीरपणे, "तुमची टीम चुकीची हाये, बाई."

तिथून सुरू झालं. निखिलनं माझ्या टीव्हीला काय काय जोडून दिलं होतं, त्यावर सामने दिसायचे. भाऊ वहिनींना घेऊन यायचे. वहिनी मुरमुऱ्यांचा चिवडा आणायच्या आणि पहिल्या स्क्रमलाच म्हणायच्या, "बैलं अडल्यासारखे काय ढकलून राहिले हे?" भाऊ कपाळाला हात लावायचे. न्यूझीलंडचे खेळाडू सामन्याआधी मांड्यांवर थापा मारत, जिभा काढत जो नाच करतात, तो मला भारी आवडायचा. भाऊंना नाही. "नाचून मॅच जिंकता आली असती तं आमच्या गावचे दंडारवाले कधीचे वर्ल्ड चॅम्पियन झाले असते." मी म्हणायचे, तुमची आफ्रिका नुसती म्हशीसारखी अंगावर जाते, डोकं कुठे वापरते? ते म्हणायचे, "डोकंच तं लावते, बाई. समोरच्याच्या छातीत." दोन्ही घरांत माणसं कमी. त्या आरडाओरड्यानं आठवडा भरून जायचा, हे तेव्हा जाणवलं नाही.

मग तो दिवस आला. न्यूझीलंड जिंकलं होतं आणि मी त्यांना चिडवत होते, जरा जास्तच. भाऊ नेहमी हसण्यावारी नेत. त्या दिवशी मिलवर काहीतरी कटकट झाली असावी. चपला घालता घालता म्हणाले, "ज्या देशानं तुमचा पोरगा ठेवून घेतला, त्याच्यासाठी टाळ्या काहून वाजवता, बाई? तो आता काई वापस येत नाई." वहिनींनी त्यांचा दंड धरला. त्याच दुपारी निखिलचा फोन येऊन गेला होता. तिकडचं नागरिकत्व घ्यायचं ठरवलंय, तो म्हणाला होता. मी "छान" म्हटलं होतं. ते मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं, भाऊंना ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर ते आले नाहीत, मी बोलावलं नाही. वहिनी यायच्या, लोणचं, सांडगे देऊन जायच्या, त्या विषयाला हात लावायच्या नाहीत. रस्त्यात भाऊ दिसले तर मान लववायचे, मीही लववायचे. धान रोवून झालं, कापून झालं, मिलचे भोंगे पुन्हा रात्रंदिवस वाजू लागले... जवळजवळ वर्ष गेलं. मी सामने बघायचे, पण आवाज बंद करून. ओरडणार कुणावर? कधी अर्ध्यातच टीव्ही बंद करून भाजी चिरायला घ्यायचे. भाऊंनी नाद सोडला असेल, असं मी धरून चालले होते.

यंदा न्यूझीलंडचा संघ आफ्रिकेत जाऊन खेळणार अशी बातमी आली आणि दोनच दिवसांनी फाटक वाजलं. भाऊ आत आले नाहीत, फाटकाशीच उभे. "बाई, मॅच हाये. आफ्रिकेवाल्यायच्याच गावात हाये." मी फाटकाची कडी काढली. मग भाऊ ओट्यावर येऊन बसले आणि कधी न सांगितलेलं सांगू लागले. शांतिसेनेबरोबर ते कांगोत होते तेव्हाचं. तिथे दक्षिण आफ्रिकेच्या तुकडीबरोबर हे लोक रग्बी खेळत. स्क्रममध्ये भाऊंच्या समोर एक सार्जंट असे, पहाडासारखा. दोघं एकमेकांना शिव्या देत रेटत, आपापल्या भाषेत. एके दिवशी नाकाडोंगरीहून निरोप आला, भाऊंची माय गेली. निघून उपयोग नव्हता, पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. "मी तंबूच्या मागं जाऊन बसलो. तो सार्जंट आला, बाजूले बसला. त्याले माही भाषा येत नाई, मले त्याची येत नाई. दिवस बुडेपर्यंत बसून होता. जेवाले नाई गेला. बस, त्या दिवसापासून त्याची टीम ते माही टीम." मग खाली बघत म्हणाले, "तुमचं माणूस तिकडं हाये, म्हणून तुमी तिकडच्यायसाठी ओरडता. मले समजाले पायजे होतं. मी ते बोलाले नको होतं, बाई."

मला त्यांना सांगायचं होतं, की तुम्ही खोटं बोलला नव्हता, म्हणून तर लागलं. निखिलचं सांगायचं होतं. जो विषय मी वर्षभर तोंडाबाहेर काढला नव्हता तो कळेल असा हा एकच माणूस माझ्यासमोर बसला होता. पण मी म्हटलं, "चहा टाकते." आणि खरोखरच चहा टाकला.

पुढचे दोन आठवडे भाऊ रोज संध्याकाळी यायचे. तयारी अशी चालली, जणू संघ आम्हीच निवडणार होतो. त्यांच्या मते न्यूझीलंडची पहिली रांग कच्ची. "उंचावरचं मैदान हाये, बाई. दम लागते तिथं. अर्ध्या टाइमानंतर पाहाजा तुमच्या पोट्ट्यायचं." मी म्हणायचे, दमायला तुमच्या म्हशी आधी दमतील, आमची पोरं वाऱ्यासारखी पळतात. "पळतीन कुठं? बॉल तं आमच्याजवळ राहील." लाथ मारणारा चांगला कुणाचा, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. पाऊस पडला तर काय, यावर दुसरी. वहिनी म्हणाल्या, "दोघंही तिकडंच जाऊन खेळा ना!" मी रोज ठरवायचे, आज निखिलचं सांगते. मग वाटायचं, सामन्याच्या दिवशी सांगू, सगळे बसलेले असताना, हसत... ओट्यावरची शेवटची संध्याकाळही अशीच संपली.

अंत्यविधीला मिलचे हमाल आले होते, नाकाडोंगरीचे नातेवाईक, साकोली-भंडाऱ्याकडचे काही माजी सैनिक. बुद्धवंदना झाली. त्या माजी सैनिकांतल्या एकाचाही कान चुरगळलेला होता. मी ओळखलं आणि त्याच्याजवळ गेले. तो म्हणाला, "मॅडम, मेश्राम साहेब स्क्रममध्ये असले की मागच्याला भीती नव्हती." मला रडू तेव्हा आलं, त्याआधी नाही. त्या संध्याकाळी मी निखिलला फोन लावला आणि भाऊंचं, आफ्रिकेतल्या सार्जंटचं, सगळं सांगितलं. नागरिकत्वाचं ऐकून मला वाईट वाटलं होतं, हेही सांगितलं. "तेव्हाच का नाही बोललीस, आई?" तो म्हणाला.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर एका दुपारी वहिनींबरोबर त्यांच्या परसात बसले होते. मधली भिंत दोन्ही घरांची एकच, पलीकडे माझी टीव्हीची खोली. त्या भिंतीला लागून एक लोखंडी खुर्ची होती. मी सहज विचारलं, ही उन्हात कशाला ठेवलीत? वहिनी म्हणाल्या, "ह्यायची हाये. तुमचं बोलणं बंद होतं नं, तवा मॅच राहिली की इथं येऊन बसत. मोबाइल पाहात नसत. म्हणत, बाई ओरडल्या का कळते, कोनाचं झालं ते." मग साडीच्या काठाशी चाळा करत म्हणाल्या, "पण तुमी ओरडतच नव्हत्या. हे मॅच संपेपर्यंत बसून आत येत. म्हणत, वच्छला, बाईनं पाहणं सोडून देल्लं वाटते... माह्यामुळं."

मी भिंतीकडे बघत राहिले. मी त्या बाजूला आवाज बंद करून बसलेली, ते या बाजूला कान लावून. मध्ये वीतभर विटा.

सामना परवा शनिवारी झाला. मी बघणार नव्हते. पण दिवेलागणीला वहिनी आल्या, हातात चिवड्याचा डबा. मी खुर्ची ओढून दिली तर बसल्या नाहीत. "मले त्यातलं काई समजत नाई. तुमी पाहा. मी तिकडं ह्यायच्या जागेवर बसतो. तुमी फक्त ओरडजा, बाई." डबा ठेवून त्या गेल्या. मी टीव्ही लावला, आवाज मोठा केला. काळ्या कपड्यातल्या पोरांनी मांड्यांवर थापा मारल्या. शिट्टी वाजली. पहिल्या स्क्रमला आफ्रिकेच्या आठही जणांनी माना खाली घातल्या आणि रेटत, रेटत, पाऊल पाऊल पुढे जात चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला, पहिले गुण आफ्रिकेचे झाले. मी उठून भिंतीपाशी गेले, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि घशाला कोरड पडेपर्यंत ओरडले.

पलीकडून वहिनींचा आवाज आला, "कोनाचं झालं, बाई?"

"भाऊंचं," मी म्हटलं. "भाऊंचं झालं."