डिलाईल रोडवरचे मॅनेजर

आयुष्यात एकदाही चेंडूला पाय न लावता दक्षिण अमेरिकेतल्या तमाम फुटबॉल क्लबांची कुंडली तोंडपाठ असलेला माणूस डिलाईल रोडवर एकच निघेल, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. गिरणी बंद पडल्यावर मामांनी एका सोसायटीत वॉचमनकी केली. तीही सुटली, तेव्हा वेळ जावा म्हणून मी त्यांना माझ्या जुन्या लॅपटॉपवर फुटबॉल संघाचा मॅनेजर होण्याचा खेळ बसवून दिला. आधी एक क्लब निवडायचा, मग त्याचे खेळाडू सांभाळायचे, विकायचे, सामने जिंकायचे. बटणं मामांना पाठ झाली, पण पडद्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं दर रविवारी मी वाचून दाखवायची. मला वाटलं, मामा पाच मिनिटांत एखादा नामांकित क्लब घेतील. मामांनी आठ महिने घेतले.

बोलिव्हियातला एक क्लब फार उंचावर म्हणून बाद झाला. "माका दुसऱ्या माळ्यार चढताना धाप लागता, जावयबापू." ब्राझीलमधल्या एका क्लबाने वर्षात चार मॅनेजर हाकलले, तेव्हा त्याचं नाव घरात काढायलाच बंदी आली. ब्युनोस आयर्सच्या बंदरावरचा, गोदीकामगारांनी काढलेला क्लब थेट शिवडीचाच वाटून जवळजवळ ठरला होता. पण संघ हरला की तिथले लोक मॅनेजरवर मोर्चा नेतात असं कळलं. मामांनी जन्मभर मोर्चे काढले होते, अंगावर घ्यायची सवय नव्हती. मामी एकदा वैतागून म्हणाल्या, "माका पसंत करूक ह्येंका चाय पिण्याएवढो येळ लागलो, आणि ह्या संघाक आठ म्हयने!" शेवटी माळ पडली मॉन्तेविदेओतल्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका गरीब क्लबाच्या गळ्यात. कापड गिरणीच्या कामगारांनी काढलेला, मालक कुणी नाही, सगळे सभासद, आणि दुपारी म्हातारे तिथे पत्ते कुटायला येतात. "म्हंजे आपला मंडळच!" मामा म्हणाले, आणि लॅपटॉपला झेंडूचा हार घातला.

पहिल्याच मोसमात संघ तळाला गेला. क्लबाच्या समितीचा निरोप आला : एकोणीस वर्षांचा पोरगा युरोपला विका आणि सदतिशीतल्या गोलरक्षकाला काढून टाका. मी शहाणपणाने म्हटलं, "मामा, तिकडे असंच चालतं. त्याशिवाय क्लब जगत नाही."

मामांनी चष्मा काढला. "गिरणीच्या गेटार माका पण ह्याच सांगितल्यानी."

मग त्यांनी दोघांनाही ठेवलं. समितीने महिन्याची मुदत दिली. मामांनी पोराला संघात घेतलं, म्हाताऱ्या गोलरक्षकाला कप्तान केलं, आणि दोन सामने जिंकलेही. पण समिती गोलरक्षकावर अडूनच बसली.

पुढच्या रविवारी गेलो, तर मामा नवा शर्ट घालून बसलेले. "राजीनामो दिलंय. माझो पगार वाचलो, आता म्हाताऱ्याक ठेवतले."

यंत्र असा विचार करत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी खेळाडूंची यादी उघडली. नव्या मॅनेजरने गोलरक्षकाला पहिल्याच दिवशी काढलं होतं.

"आसा मा तो?" मामांनी विचारलं.

"आहे मामा. पहिलंच नाव त्याचं."

मामांनी आत हाक मारून चहात साखर जास्त घालायला सांगितलं. मला मात्र तो चहा संपेपर्यंत त्यांच्याकडे मान वर करून बघवलं नाही.